बाई, ४० आणि ६० ची सरासरी ४८ कशी?

या महिन्यात सरासरी वेगाबद्दल इतक्या जणांनी लिहिलं आहे की अख्खं सदर त्यालाच देते आहे. शाळेत हा धडा आला की फळ्यावर सूत्र लिहायच्या आधी मी तीन रकाने आखत असे: अंतर, वेग, वेळ. उदाहरणात दिलेलं भरायचं आणि मग वेळेचा रकाना पूर्ण करायचा. तो पूर्ण झाल्याशिवाय उत्तराकडे बघायचं नाही. खालच्या सगळ्या उत्तरांत हेच तीन रकाने आहेत. पत्रं मात्र जागेअभावी थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : बाई, नमस्कार. माझा मुलगा आठवीच्या शिष्यवृत्तीची तयारी करतो आहे. उदाहरण असं: एक गाडी एका गावाहून दुसऱ्या गावी ताशी ४० किमी वेगाने जाते आणि त्याच रस्त्याने ताशी ६० किमी वेगाने परत येते, तर सरासरी वेग किती? त्याने ५० लिहिलं, पुस्तकात उत्तर ४८ आहे. तो म्हणतो, सरासरी म्हणजे बेरीज करून भागायचं, मग ५० चुकलं कसं? मला समजावता आलं नाही.
– एक आई, मिरज

ताई, तुमच्या मुलाला सरासरी येते. बेरीज करून भागायची रीत बरोबरच आहे, त्याने घेतलेले आकडे अपुरे आहेत. त्याला आधी एवढंच विचारा: जाताना जास्त वेळ लागला की येताना? तो लगेच सांगेल, जाताना, कारण गाडी हळू होती. इथे निम्मं काम झालं.

आता दोन गावांमध्ये १२० किलोमीटर अंतर आहे असं धरा. जायला ताशी ४० ने ३ तास लागले, यायला ताशी ६० ने २ तास. प्रवास एकूण ५ तासांचा. वहीत प्रत्येक तासाचा एक असे पाच चौकोन काढायला सांगा आणि त्या त्या तासाचा वेग त्यात लिहू द्या: ४०, ४०, ४०, ६०, ६०. मग त्याला येते तीच सरासरी काढू द्या. बेरीज २४०, भागिले ५, उत्तर ४८. बेरीज २४० आली ते एकूण अंतर, ज्याने भागलं ते ५ म्हणजे एकूण वेळ. सरासरी वेग म्हणजे एकूण अंतर भागिले एकूण वेळ, हे वाक्य त्याने पाठ केलेलं असेलच. आता ते त्याच्या चौकोनांत त्याला दिसेल.

५० काढताना त्याने ४० आणि ६० यांना सारखाच वाटा दिला होता. गाडी मात्र ४० च्या वेगाने तीन तास चालली आणि ६० च्या वेगाने दोनच. हळू वेगाला नेहमी जास्त वेळ लागतो, म्हणून सारख्या अंतराच्या प्रवासात उत्तर नेहमी हळू वेगाकडे झुकतं. ५० हे उत्तर बरोबर यायला गाडी ताशी ४० ने जितका वेळ चालली तितकाच वेळ ताशी ६० ने चालायला हवी. समजा दोन तास ४० ने आणि दोन तास ६० ने: ८० आणि १२० मिळून २०० किमी, ४ तास, सरासरी ५०. हेही उदाहरण त्याच्याकडून करून घ्या. दोन्ही शेजारी शेजारी पाहिली की फरक पक्का होतो, आणि ‘५० चुकीचं’ असं नुसतं ऐकून मुलं जशी हिरमुसतात तसा तो हिरमुसणार नाही. ५० ला त्याची स्वतःची जागा आहे.

तो एक शंका नक्की काढेल: अंतर दिलेलंच नाही, मग १२० कुठून आणलं? ४० आणि ६० चा लसावि १२० आहे, म्हणून भागाकार सोपा गेला. त्याला ६० किमी धरून पाहू द्या. दीड तास आणि एक तास, मिळून अडीच. १२० भागिले अडीच, पुन्हा ४८. अंतर दुप्पट केलं की वेळही दुप्पट होतो, त्यामुळे भागाकार हलत नाही. न दिलेल्या राशीच्या जागी सोयीची संख्या धरून चालायची ही युक्ती जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त तिला इष्टकर्म म्हटलं आहे: मनाने एक संख्या धरायची, उदाहरणात सांगितलेल्या सगळ्या क्रिया तिच्यावर करायच्या आणि जे येईल त्यावरून त्रैराशिकाने, म्हणजे प्रमाण लावून, खरी राशी काढायची. तुमच्या मुलाच्या उदाहरणात शेवटच्या त्रैराशिकाचीही गरज पडत नाही. अंतर मनाने धरणं म्हणजे फसवणूक आहे असं पुष्कळ हुशार मुलांना वाटतं आणि ती तिथेच अडून बसतात. त्यांना हे आवर्जून सांगावं.

प्रश्न : मी पोलीस भरतीची तयारी करतो. क्लासमध्ये सरासरी वेगासाठी २xy/(x+y) हे सूत्र दिलं आहे, x आणि y म्हणजे दोन वेग. काही उदाहरणांत उत्तर जुळतं, काहींत जुळत नाही. परीक्षेत वेळ कमी असतो. सूत्र वापरू की नको?
– एक उमेदवार, बीड

वापरा, पण दोन्ही टप्प्यांचं अंतर सारखं आहे हे वाचून खात्री झाल्यावरच. ‘जाऊन परत आला’, ‘अर्धे अंतर’, ‘तितकेच अंतर’ असे शब्द दिसले तर सूत्र चालतं. ‘अर्धा वेळ’ किंवा ‘पहिले २ तास, नंतरचे २ तास’ असं असेल तर साधी सरासरी. प्रश्न काढणारा नेमका याच दोन शब्दांशी खेळतो, म्हणून ‘अंतर’ आणि ‘वेळ’ या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारायची सवय लावा.

दोन्ही सारखं नसेल तर कुठलंच सूत्र आठवत बसू नका. १२० किमी ताशी ४० ने आणि पुढचे ६० किमी ताशी ६० ने, हे घ्या. वेळ ३ तास अधिक १ तास. १८० भागिले ४, उत्तर ४५. तुमच्या सूत्राने ४८ आलं असतं, आणि पर्यायांमध्ये ४८ बहुधा असतंच.

तीन सारखे टप्पे असले की क्लासवाले आणखी लांब सूत्र देतात. त्याची मला खरोखर चीड आहे, कारण परीक्षेच्या खोलीत पहिल्यांदा विसरतं ते हेच. प्रवासाचे तीन सारखे भाग ताशी २०, ३० आणि ६० ने कापले, तर सरासरी? लसावि ६०. प्रत्येक भाग ६० किमीचा धरा. तास ३, २, १, मिळून ६. अंतर १८०. उत्तर ३०. कच्चं काम एका ओळीत संपलं.

पर्याय गाळायची सोपी रीतही सांगते. अंतरं सारखी असतील तर उत्तर दोन वेगांच्या मधलं, आणि साध्या सरासरीपेक्षा कमी. ४० आणि ६० च्या उदाहरणात ५२, ५०, ४८, ३८ असे पर्याय असले तर एकही गणित न करता ४८ उरतं. पण हे शेवटची पाच मिनिटं उरल्यावर. सरावाच्या वेळी वेळेचा रकाना भराच.

प्रश्न : डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी ७.१५ ला सुटते आणि १०.२५ ला मुंबईला सीएसएमटीला पोहोचते. अंतर १९२ किमी. मी १९२ ला ३.१० ने भागलं, ताशी जवळजवळ ६२ किमी आलं. बाबा म्हणतात चुकलं. काय चुकलं?
– इयत्ता सातवीतली विद्यार्थिनी, पुणे

गाडी स्वतः निवडून वेळापत्रकातून उदाहरण तयार केलंस, याचं मला फार कौतुक वाटलं. रीत तुझी बरोबर आहे, फक्त ३ तास १० मिनिटं म्हणजे ३.१० तास नव्हेत. ३.१ तास म्हणजे ३ तास आणि तासाचा दहावा भाग, म्हणजे ३ तास ६ मिनिटं. तुझ्या हिशेबात गाडी चार मिनिटं लवकर पोहोचली. तासाला मिनिटं ६० असतात, १०० नसतात, म्हणून अशा ठिकाणी सगळ्या वेळेची मिनिटं करून घे. ३ तास १० मिनिटं म्हणजे १९० मिनिटं. १९२ भागिले १९०, गुणिले ६०. उत्तर ताशी सुमारे ६०.६ किमी.

आता बाबांबरोबर बसून एक विचार कर. गाडी पूर्ण वेळ ६०.६ ने धावते का? मुळीच नाही. मध्ये थांबे आहेत, तिथे वेग शून्य. खंडाळ्यापासून कर्जतपर्यंत बोरघाटाचा उतार आहे, तिथे रूळ ३७ फुटांना १ फूट इतके खाली उतरतात, म्हणून गाडी उतारावरही जपूनच चालवावी लागते. हा सगळा वेळ भरून काढायला बाकीच्या रुळांवर ती ६० पेक्षा बऱ्यापैकी जास्त वेगाने धावते. थांब्यांची मिनिटं एकूण वेळेत धरायचीच, ती वजा करायची नाहीत.

याच जातीचं एक उदाहरण तुला पुढच्या इयत्तांत भेटेल: एसटी न थांबता ताशी ५४ किमी जाते, थांबे धरून ताशी ४५, तर ती तासाला किती मिनिटं थांबते? थांब्यांमुळे तासाला ९ किमी कमी पडले. ताशी ५४ ने ९ किमी जायला १० मिनिटं लागतात. तेवढीच ती थांबली.

प्रश्न : मी नाशिकला सायकल चालवतो. परवा जाताना चढ आणि समोरून वारा, सरासरी जेमतेम ताशी १५ आली. परतताना वाटलं, जोर लावून पूर्ण फेरीची सरासरी ३० करावी. किती वेगाने यायला हवं होतं? मित्र म्हणाले ४५. दुसरं, मी २०० किमीच्या ब्रेव्हेटला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब सायकलफेरीला, नाव दिलं आहे, तिथे १३ तास ३० मिनिटांत पूर्ण करायचं असतं. मला वेगाचा हिशेब कसा ठेवता येईल?
– एक सायकलस्वार, नाशिक

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: कुठल्याच वेगाने जमलं नसतं. मोटारसायकलवर बसून आलात तरी नाही.

एका बाजूचं अंतर ३० किमी धरा. जायला ताशी १५ ने २ तास लागले. पूर्ण फेरी ६० किमीची, ती ताशी ३० च्या सरासरीने करायची तर एकूण वेळ मिळतो २ तास. ते दोन्ही तास जातानाच संपले. परत यायला एक सेकंदही उरला नाही. मित्रांनी सांगितलेल्या ४५ ने आलात तर यायला ४० मिनिटं लागतील, एकूण २ तास ४० मिनिटं, सरासरी साडेबावीस.

हे ऐकून ओशाळू नका. मॅक्स वर्थायमर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये आइन्स्टाइनला पत्रातून नेमकं हेच कोडं घातलं होतं. जुनी मोटार एक मैलाची टेकडी ताशी १५ मैलांनी चढते, पलीकडचा एक मैल उतरताना किती वेगाने गेली तर सरासरी ३० होईल? आइन्स्टाइनने उलट कळवलं की उतरायला वेळच शिल्लक नाही हे आपल्या लक्षात हिशेब केल्यावरच आलं. डोळ्यांना १५ आणि ४५ ची बेरीज इतकी सोयीची दिसते की तिथे थांबावंसं वाटतं.

मग काय शक्य होतं, ते बघा. सरासरी २० हवी असती तर ६० किमीला ३ तास मिळाले असते, परतीला १ तास, म्हणजे ताशी ३०. सरासरी २४ हवी असती तर अडीच तास, परतीला अर्धा तास, म्हणजे ताशी ६०. सरासरी २८ साठी परतीला साडेआठ मिनिटं उरली असती, आणि वेग लागला असता ताशी २१०. पहिलं निम्मं अंतर ज्या वेगाने कापलं त्याच्या दुपटीपर्यंत पूर्ण फेरीची सरासरी कधीच पोहोचत नाही. चढावर हरवलेला वेळ उतारावर पूर्ण परत मिळत नाही, हे सायकलवाल्यांना पायांनी माहीत असतं. त्याचं कारण हे.

आता ब्रेव्हेट. २०० किमीला १३ तास ३० मिनिटं म्हणजे ताशी सुमारे १४.८ किमी. ही मर्यादा सुरुवातीपासून शेवटपर्यंतच्या घड्याळाची आहे. चहा, जेवण, पंक्चर, वाटेत हजेरीचे शिक्के घेण्याची ठिकाणं, सगळं त्यात आलं. तुमच्या सायकलवरचं यंत्र थांबल्यावर घड्याळ बंद ठेवत असेल तर त्यावरचा सरासरीचा आकडा तुम्हाला गाफील ठेवेल. म्हणून त्या दिवशी हँडलवर वेगाचा आकडा लावू नका, वेळेचा कागद लावा. चालवताना तुमचा वेग ताशी २० राहत असेल तर २०० किमीला १० तास लागतील, म्हणजे थांबायला साडेतीन तास. ताशी १८ राहत असेल तर ११ तास ७ मिनिटं, थांबायला २ तास २३ मिनिटं. हे तास आधीच वाटून टाका: किती न्याहारीला, किती जेवणाला, किती अडचणीसाठी राखून.

मध्ये कुठेही शंका आली तर मागची सरासरी काढत बसू नका, पुढचं बघा. समजा पहिल्या १०० किमीला वाऱ्यामुळे ७ तास लागले. उरले साडेसहा तास आणि १०० किमी, म्हणजे थांबे धरून ताशी १५.४. परतीला वारा पाठीशी असेल तर हे सहज होण्यासारखं आहे. आठ तास लागले असतील तर ताशी १८.२ हवेत, तेही थांबे धरून, आणि तेव्हा पुढचा चहा उभ्या उभ्या घ्यावा लागेल. पुढे ६०० किमीची हौस आली तर त्याला ४० तास मिळतात, ताशी १५. आकडा जवळजवळ तोच दिसतो, पण त्या ४० तासांत झोपही बसवायची असते.

प्रश्न : आमचे यजमान पुण्याला जाताना द्रुतगती मार्गावर ताशी १२० ने गाडी चालवतात. म्हणतात, १०० ने गेलं तर फार वेळ जातो. खरंच किती वेळ वाचतो?
– एक वाचक, पनवेल

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ९४.५ किमीचा आहे. पूर्ण रस्ता ताशी १०० ने गेला तर ५६.७ मिनिटं, १२० ने गेला तर ४७.२५ मिनिटं. फरक साडेनऊ मिनिटांचा, तोही रस्ता पूर्ण मोकळा आणि सपाट धरला तर. घाटात मर्यादा आणखी कमी आहे आणि तिथे मालट्रकही असतात, त्यामुळे प्रत्यक्षात इतकाही वेळ वाचत नाही.

त्यांना आणखी एक हिशेब दाखवा. ताशी ६० वरून ८० वर गेलं की याच रस्त्यावर साडेतेवीस मिनिटांहून थोडी जास्त वाचतात. ८० वरून १०० वर गेलं की १४. १०० वरून १२० वर गेलं की साडेनऊ. १२० वरून १४० वर, पावणेसात. दर वेळी वेग २० नेच वाढला, पण वाचणारा वेळ घटत गेला आणि धोका वाढत गेला. ब्रेक लावल्यावर गाडी घसटत थांबायला जे अंतर लागतं ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. १०० वरून १२० म्हणजे १.४४ पट. साडेनऊ मिनिटांपेक्षाही कमी वेळासाठी जवळजवळ दीडपट थांबण्याचं अंतर, आणि शेजारच्या सीटवर तुम्ही. वहिनी, हे गणित त्यांच्याकडून त्यांच्याच हाताने करून घ्या, मी सांगितलं म्हणून नको.

काही जण कॅमेऱ्याच्या कमानीजवळ हळू होतात आणि पुढे पुन्हा दामटतात. दोन कमानींमधला वेळ मोजून सरासरी वेग काढणाऱ्या यंत्रणेपुढे याचा उपयोग नाही. कमानी २० किमी अंतरावर असतील आणि मर्यादा १०० असेल तर त्यामध्ये निदान १२ मिनिटं लागायलाच हवीत. ११ मिनिटांत पोहोचला तो मर्यादेबाहेर गेला, मग कमानीखालून जाताना वेग काही का असेना.

प्रश्न : आमचे सर म्हणतात, नळ आणि हौदाची उदाहरणं म्हणजे सरासरी वेगाचीच भावंडं. मला साम्य दिसत नाही. एक नळ हौद ४ तासांत भरतो, दुसरा १२ तासांत. दोन्ही सोडले तर किती वेळ?
– इयत्ता नववीतला विद्यार्थी, चाळीसगाव

सरांचं म्हणणं बरोबर आहे. जाण्यायेण्याच्या उदाहरणात दोन्ही टप्प्यांचं अंतर सारखं असतं, म्हणून वेग सरळ जोडायचे नसतात, दर किलोमीटरला लागणारा वेळ जोडायचा असतो. हौदात दोन्ही नळ सारखाच वेळ चालू असतात, म्हणून ४ आणि १२ हे तास जोडायचे नसतात, दर तासाला भरणारा हौदाचा भाग जोडायचा असतो. दोन्हीकडे दिलेला आकडा आधी उलटा करायचा आणि मग बेरीज.

पुन्हा सोयीची संख्या धर. हौद १२ घागरींचा. पहिला नळ तासाला ३ घागरी, दुसरा १. मिळून ४. बारा घागरींना ३ तास.

तू चाळीसगावचा आहेस म्हणून मुद्दाम सांगते. तुमच्या तालुक्यात पाटणादेवीच्या मंदिरात जो शिलालेख आहे तो १२०७ चा, भास्कराचार्यांच्या नातवाच्या, चांगदेवाच्या काळातला. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केल्याचं त्यात नोंदलेलं आहे. आणि ‘लीलावती’त तुझ्याच प्रकारचं उदाहरण आहे. चार झरे एक कुंड भरतात. पहिला एकटा एका दिवसात, दुसरा अर्ध्या दिवसात, तिसरा दिवसाच्या तिसऱ्या भागात, चौथा सहाव्या भागात. चारही एकदम सोडले तर? एका दिवसात पहिला १ कुंड भरेल, दुसरा २, तिसरा ३, चौथा ६. मिळून १२ कुंडं. म्हणून एका कुंडाला दिवसाचा बारावा भाग, म्हणजे २ तास.